वाट सगळ्यांची, पण आधी चालणाऱ्याची

सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गप्पांचे विषय ठरलेले असतात. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, भाजीचे भाव, मुलांचे क्लास. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे आणि तो निघाला की आवाज चढतात. तो विषय म्हणजे विजेवरची सायकल. ई-बाईक म्हणा, ई-सायकल म्हणा, नाहीतर आमच्याकडच्या एक आजी म्हणतात तशी ‘मुकी गाडी’ म्हणा. मागून कधी आली ते कळत नाही, शेजारून सुंकन निघून जाते आणि छातीत धस्स होतं!

आमच्या भागात कालव्याच्या कडेने एक वाट आहे. ना धड रस्ता, ना धड फूटपाथ. पण झाडं आहेत, सावली आहे आणि मुख्य म्हणजे मोटारी नाहीत. त्यामुळे पहाटेपासून तिथे वर्दळ असते. ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी, हास्यक्लबवाले, बाबागाडी घेऊन आलेल्या आया, कुत्री फिरवणारे, शाळेची सायकलवरची मुलं. आता त्यांत विजेच्या सायकली आणि त्या छोट्या बॅटरीच्या स्कूटर आल्या. काही महिन्यांपूर्वी तिथे एका काकूंना मागून धक्का लागला. वय अडुसष्ट. खुब्याचं हाड मोडलं. धक्का देणारा मुलगा पळून गेला नाही, हे आधी सांगायला हवं. त्यानेच रिक्षा थांबवली, त्यानेच दवाखान्यात नेलं. मुलगा घरपोच सामान पोचवण्याचं काम करणारा, गावाकडून आलेला, जेमतेम वीस वर्षांचा. ‘काकू, घंटी वाजवली होती मी,’ एवढंच तो परत परत म्हणत होता. काकूंना ती ऐकू आली नव्हती.

ऑपरेशन झालं, काकू आता वॉकर घेऊन घरात फिरतात. पण वाटेवर येत नाहीत. ‘आता नको गं बाई, भीती बसली’ म्हणतात. त्यानंतर वाटेवर येणाऱ्यांची एक बैठक झाली आणि तिथे एकच मागणी जोरात होती : या गाड्यांना या वाटेवर पूर्ण बंदी घाला. सह्यांचा कागदही तयार होता. माझ्यापुढेही आला. मी सही केली नाही. का केली नाही, आणि बंदी नको तर मग काय हवं, ते आज सांगते. कारण हे भांडण काही आमच्या एकट्या वाटेवरचं नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर, तळजाईवर, कुठल्याही गावातल्या तळ्याकाठच्या नाहीतर बागेतल्या वाटेवर जिथे चालणारे आणि चाकांवरचे एकत्र येतात, तिथे ते आज ना उद्या होणारच आहे.

आधी हे वाहन नेमकं काय आहे ते समजून घेऊ. आपल्याकडे सगळ्यालाच ‘ई-बाईक’ म्हणतात, पण त्यात फरक आहे. एक प्रकार म्हणजे पायडल मारलं तरच मोटर मदत करते ती सायकल. पाय थांबले की मोटर थांबते. दुसरा प्रकार म्हणजे नुसती मूठ पिळली की पळणारी गाडी. तिला पायडल असलंच तर शोभेपुरतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या दुचाकीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आहे, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, ती ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच येत नाही. म्हणजे तिला नंबर प्लेट नाही, चालवायला लायसन्स नाही, विमा सक्तीचा नाही. पायडलला मदत करणारी जी सायकल आहे तिची मोटरही ताशी २५ किलोमीटरला पोचताच बंद पडली पाहिजे, असा नियम आहे. त्यापुढे जाणारी गाडी मात्र मोटारसायकलच. तिला नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं. हे लक्षात ठेवा, कारण आजकाल ‘वेगाचं कुलूप काढून देतो’ म्हणणारे कारागीर भेटतात आणि पोरं हौसेने ते काढून घेतात. कुलूप काढलं आणि गाडी या मर्यादेपलीकडे धावू लागली, की कायद्याच्या दृष्टीने ती विनापरवाना, विनाविमा मोटारसायकल झाली. घरात अशी गाडी असेल तर आई-वडिलांना हे ठाऊक हवं.

आता कुणी म्हणेल, ताशी २५ म्हणजे काय मोठा वेग? मोटारसायकली तर साठ-सत्तरने जातात! मोठ्या रस्त्यावर तो वेग काहीच नाही, हे खरं. पण पायवाटेवर हिशोब वेगळा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला जवळजवळ सात मीटर. आपण ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत गाडी चौदा मीटर पुढे आलेली असते. सत्तरीची बाई चालते सेकंदाला एक मीटर, फार तर सव्वा. तिला मागे वळून बघायलाच दोन सेकंद लागतात. मानेचे मणके दुखत असतील तर आणखी एखादा. शिवाय शाळेत शिकलेलं विज्ञान आठवा : वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. साधी सायकल बारा-तेराच्या वेगाने येते आणि ही पंचविसाने. त्यात बॅटरी-मोटरचं वजन. आणि आवाज नाही! मोटारसायकल निदान दुरून भर्रर्र करत येते. ही येते ती मांजरीच्या पावलांनी.

आणि पडणारी बहुतेक वेळा कोण असते? पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, हे आपल्या या पानावर डॉक्टरांनी कितीदा तरी लिहिलं आहे. वीस वर्षांचा मुलगा पडला तर धूळ झटकून उठतो. पासष्टीची बाई पडली की मनगट जातं नाहीतर खुबा. खुबा गेला की तिचं फिरणं जातं, आणि फिरणं गेलं की शुगर, बी.पी., मनाची उभारी सगळंच घसरतं. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या दिवसात ‘माझा’ म्हणावा असा एकच तास असतो, आणि तो सकाळच्या फिरण्याचा. दूध तापवून, डबे भरून, सासऱ्यांचा चहा करून मग ती चप्पल घालते आणि बाहेर पडते. त्या तासात कुणी ‘अगं, ऐक’ म्हणत नाही. चाळिशी-पन्नाशीत जमलेल्या मैत्रिणी तिला तिथेच भेटतात. भीतीपोटी तो तास सुटला तर तिचं काय काय गेलं, हे आकड्यात मांडता येत नाही. म्हणून चालणाऱ्यांची तक्रार ‘म्हाताऱ्यांची कुरकुर’ म्हणून उडवून लावणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

पण आता दुसरी बाजू. आमच्या बचत गटातली एक ताई पोळी-भाजीचे डबे पोचवते. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात बारा घरं. पूर्वी ती चालत जायची, दोन्ही हातांत पिशव्या. मग साधी सायकल घेतली, पण आमच्या भागात चढ असा आहे की डब्यांचं ओझं घेऊन दम निघायचा. गटाकडून कर्ज काढून तिने विजेची सायकल घेतली. बारा घरांची वीस घरं झाली. लायसन्सचं झंझट नाही, पेट्रोलचा खर्च नाही, नवऱ्याच्या गाडीची वाट बघणं नाही. चार्जिंगचा खर्च दिवसाला काही रुपयांचा. ती कालव्याच्या वाटेनेच जाते. का? कारण मोठ्या रस्त्यावरून गेलं तर डाव्या बाजूला उभ्या रिक्षा, उजवीकडून अंगावर येणारी बस आणि मध्ये खड्डे. ‘ताई, तिकडनं गेले तर मी मरीन आणि इकडनं गेले तर लोक शिव्या घालतात. मी जाऊ कुठनं?’ तिच्या या प्रश्नाला बंदीच्या कागदावर उत्तर नव्हतं.

दुसऱ्या एक बाई शिक्षिका आहेत. दोन्ही गुडघे झिजलेले. डॉक्टरांनी स्कूटरची वजनदार गाडी रेटू नका म्हणून सांगितलं. मोटरची मदत असलेल्या सायकलने त्यांना पुन्हा बाहेर काढलं. त्या आरामात, आठ-दहाच्या वेगाने जातात. वळणावर उतरतात. त्यांनाही बंदी?

सायकल आणि बाईमाणूस यांचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी यांनी स्त्रीच्या मुक्तीला सायकलीने फार मोठा हातभार लावल्याचं म्हटलं होतं. इतकं लांब जायला नको. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर गावातल्या बायकांना सायकल शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्यात पुढाकार घेतला होता. हजारो बायका शिकल्या. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीतल्या. त्यांनाही टोमणे ऐकावे लागलेच. बिहारमध्ये २००६ मध्ये मुलींना सायकली देण्याची सरकारी योजना आली आणि गावागावांत शाळेत जाणाऱ्या मुलींचे थवे दिसू लागले. प्रत्येक वेळी बाईच्या हाती चाक आलं की कुणाला तरी त्याचा त्रास वाटला आहे. आज विजेची सायकल अनेक बायकांसाठी तेच करते आहे. म्हणून सरसकट बंदीच्या कागदावर सही करायला माझा हात धजला नाही.

बंदीला माझा आणखी एक आक्षेप आहे, तो व्यवहाराचा. बंदी घातली तर ती पाळणार कोण? डबेवाली ताई पाळेल. शिक्षिका बाई पाळतील. आणि संध्याकाळी शर्यत लावणारी, कुलूप काढलेल्या गाडीवर तिघं बसून येणारी पोरं? ती पाटीकडे बघणारसुद्धा नाहीत. म्हणजे ज्यांच्यापासून धोका नाही तेच वाटेवरून जातील आणि ज्यांच्यापासून आहे ते राहतील. आणखी एक कडू गोष्टही बोलून टाकते. बैठकीत काहींचा राग वेगापेक्षा ‘त्या डिलिव्हरीवाल्या पोरांवर’ जास्त होता. ‘आपल्या’ वाटेवर ‘ती’ कशाला, असा सूर होता. महागड्या ई-सायकलवरून हेल्मेट-ग्लोव्ह्ज घालून सुसाट जाणाऱ्या साहेबांचं नाव मात्र कुणी काढलं नाही. तो मुलगा घाईत का असतो? कारण आपण घरात बसून मोबाइलवर बघत असतो, कोथिंबीर अजून का नाही आली! त्याची घाई ही आपणच त्याला दिलेली आहे, निदान अर्धी तरी.

मग करायचं काय? माझ्या मते एका साध्या तत्त्वापासून सुरुवात करावी : ज्याच्यामुळे दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते, त्याने जास्त सांभाळायचं. वाट सगळ्यांची, पण पहिला मान चालणाऱ्याचा. त्यानंतर साध्या सायकलचा, आणि शेवटी मोटर असलेल्याचा. हा काही माझ्या पदरचा शोध नाही. जगात जिथे जिथे हे भांडण झालं तिथे लोक फिरून फिरून याच ठिकाणी आले आहेत.

अमेरिकेत डोंगरातल्या पायवाटांवर एक त्रिकोणी पाटी असते. तिच्यावर चालणारा, सायकलवाला आणि घोडेस्वार अशी तीन चित्रं असतात. अर्थ असा की सायकलवाल्याने दोघांनाही वाट द्यायची आणि चालणाऱ्याने घोड्याला. तिथे २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय उद्यानांमधल्या सायकलच्या वाटा विजेच्या सायकलींनाही खुल्या करण्याचं धोरण आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! चालणारे म्हणाले, आमची शांतता गेली. गुडघे दुखणारे म्हातारे म्हणाले, आम्हाला डोंगर परत मिळाला. तिथल्या बऱ्याच राज्यांनी मग या सायकलींचे तीन वर्ग पाडले, म्हणजे कुठली कुठे चालेल ते ठरवता येतं. नेदरलँड्स तर सायकलींचाच देश. आज तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी सुमारे निम्म्या विजेवरच्या असतात. पण ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या वेगवान सायकलींना त्यांनी १ जानेवारी २०१७ पासून मोपेडच्या रांगेत बसवलं. नंबर प्लेट, हेल्मेट, लायसन्स, विमा सगळं आलं. सायकलवर प्रेम आहे म्हणून सगळंच खपवून घेतलं नाही. आणि ब्रिटनमध्ये विजेची सायकल चालवायला किमान वय १४ वर्षं लागतं. आपल्याकडे या छोट्या गाड्यांना लायसन्सच नाही, त्यामुळे वय तपासणारंही कुणी नाही.

मला सगळ्यांत आवडली ती लंडनच्या कालव्याकाठची रीत. पूर्वी घोडे ज्या वाटांवरून चालत नावा ओढायचे, त्या अरुंद वाटांवर आता चालणारे आणि सायकलवाले एकत्र असतात. तिथे सांगितलं गेलं : चालणाऱ्याचा हक्क पहिला, आणि जवळ येताना घंटी दोनदा हलकेच वाजवा. टिंग टिंग. एकदा वाजवली तर माणूस गोंधळतो, सारखी वाजवली तर चिडतो. दोनदा म्हणजे ‘मी मागे आहे, सावकाश या’. किती साधं!

आपल्याकडेही हे संस्कार अगदीच नव्हते असं नाही. पुणं सायकलींचं शहर होतं, तेव्हा सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसलं की पोलीस अडवायचा, चाकातली हवा सोडायचा. आमचे वडील सांगायचे, कंदील विझला तर मुकाट उतरून सायकल हातात धरून चालायचं. आज हजारोंची सायकल घेतो, पण साधी घंटी बसवायला विसरतो.

तर वाटेवरचे शिष्टाचार, विजेची सायकल चालवणाऱ्यांसाठी. पहिली गोष्ट, चालणारे दिसले की वेग त्यांच्या जवळपास आणा. आठ-दहाच्या वर नको. गर्दी असेल तर उतरा, दोन मिनिटं हातात धरून चाला. दुसरी, लांबूनच दोनदा घंटी वाजवा, कानाशी येऊन नव्हे. आणि घंटी वाजवली म्हणजे वाट मोकळी झाली असं समजू नका. समोरच्याला ऐकू आलंय की नाही हे बघा. ऐकू येत नसेल तर थांबा, ‘काकू, जरा जाऊ का?’ असं तोंडाने विचारा. त्या एका ‘काकू’ने अर्धा राग विरघळतो. तिसरी, कानात गाणी नकोत, मांडीवर मोबाइल नको. चौथी, अंधार पडला की पुढे-मागे दिवा. पण पुढचा दिवा जमिनीकडे, समोरच्याच्या डोळ्यांत नको. पाचवी, टेकडीवर जात असाल तर चढणाऱ्याला आधी वाट द्या, ओल्या मुरमावर ब्रेक लागत नाही हे ध्यानात ठेवा आणि नवे शॉर्टकट पाडू नका. चाकाने पाडलेली प्रत्येक नवी वाट पहिल्याच पावसात ओहोळ होते आणि माती वाहून नेते. तिथे बाटलीबाटलीने पाणी घालून झाडं जगवणारे आजोबा आहेत, त्यांच्या कष्टावरून चाक नेऊ नका. आणि सहावी, जी सगळ्यांत महत्त्वाची : धक्का लागला तर थांबा. आमच्या वाटेवरचा तो मुलगा थांबला, म्हणूनच काकू वेळेत दवाखान्यात पोचल्या.

आता चालणाऱ्या आपण. हो, आपल्यालाही शिष्टाचार आहेत! चौघी-चौघी हातात हात घालून सगळी वाट अडवून चालणं सोडायला हवं. दोघी पुढे, दोघी मागे, डाव्या बाजूने. गप्पा तेवढ्याच रंगतात. कुत्र्याची दोरी वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली नको. भजनं ऐकायची तर एकाच कानात. घंटी ऐकू आली की गोंधळून इकडून तिकडे पळू नका. आहात त्याच बाजूला, सरळ चालत राहा. चुकवणं हे मागून येणाऱ्याचं काम आहे. लहान मुलाचा हात आपल्या आतल्या बाजूला. आणि नीट चालवत जाणाऱ्याला उगाच खेकसू नका. जो हळू झाला, त्याला हसून ‘जा रे बाळा’ म्हणायला काही खर्च येत नाही. पुढच्या वेळी तो आपणहून हळू होईल.

तिसरा गट आयांचा. आठवी-नववीतल्या मुलाला क्लासला जायला ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून आपण ही गाडी घेऊन देतो. लायसन्स लागत नाही याचा अर्थ शिकवावं लागत नाही असा नाही. पहिले पंधरा दिवस त्याच्याबरोबर जा. ब्रेक कसा लावायचा, वळणावर कसं बघायचं, म्हाताऱ्या माणसाच्या शेजारून कसं जायचं हे दाखवा. हेल्मेट या गाडीला सक्तीचं नसलं तरी डोकं सगळ्यांचं सारखंच असतं. आणि मुलींनाही गाडी द्या! मुलाला गाडी आणि मुलीला ‘बाबा सोडतील’ हे अजून किती दिवस?

शिष्टाचाराने सगळं होईल, असं मात्र मी म्हणत नाही. ‘ही मोटार नाही, म्हणजे आम्हाला कुणी काही करू शकत नाही’ असा एक समज आहे, तो खोटा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कुठलंही वाहन हाकणाऱ्याला लागू होतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात ‘मोटार’ हा शब्द नाही. पण कायद्यात एक मोठी फट आहेच. रस्त्याच्या नियमांनुसार फूटपाथवर मोटार वाहन चालवायला मनाई आहे. ही गाडी मोटार वाहनच नसल्यामुळे तिच्याबद्दल ‘चालेल का नाही’ अशी पळवाट राहते. आणि विमा सक्तीचा नाही, त्यामुळे काकूंच्या ऑपरेशनचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न दोन घरांच्या भांडणावर सोडला गेला. एका बाजूला पेन्शनवर जगणारं जोडपं, दुसऱ्या बाजूला खोलीत चार जण मिळून राहणारा मुलगा. कुणाच्याच खिशात पैसे नव्हते. ज्या कंपन्या या मुलांच्या जिवावर सामान पोचवतात, त्यांनी तरी अशा अपघातांत समोरच्या माणसाला भरपाई मिळेल असा विमा उतरवायला नको का?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, पादचाऱ्यांना नीट फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाने म्हटलं म्हणून उद्या सकाळी फूटपाथ मोकळे होत नाहीत, हे आपण जाणतो. पण क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देताना हे वाक्य हाताशी असू द्या. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये मोठा सायकल आराखडा मंजूर केला होता. त्यातले जे ट्रॅक झाले, त्यांवर आज काय उभं असतं ते जाऊन बघा : मोटारी, हातगाड्या, डीपीचे खांब. सायकलीची वाट अडवली की सायकल चालणाऱ्याच्या वाटेवर येते, आणि मग आपण दोघं गरीब एकमेकांशी भांडतो! खरी जागा ज्याने खाल्ली तो मोटारवाला काचा वर करून निघून जातो.

माथेरानचं उदाहरण बघा. तिथे मोटारींना बंदी. वर्षानुवर्षं घोडेवाले, हातरिक्षा ओढणारे आणि चालणारे यांच्याच वाटा. मग ई-रिक्षा आल्या तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केला, कारण पोटाचा प्रश्न होता. पण म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं यांना त्या रिक्षा हव्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षाची प्रथा सहा महिन्यांत बंद करा आणि त्या लोकांना ई-रिक्षा देण्याची योजना करा असं सांगितलं. यातून शिकण्यासारखं एवढंच की, वाटेवर नवं वाहन आलं की प्रश्न फक्त वाहनाचा नसतो. कुणाचं पोट, कुणाचे गुडघे, कुणाची शांतता, सगळं एकत्र तोलावं लागतं. आणि ते कोर्टात जाण्याआधी तोललं तर बरं.

आमच्याकडे आम्ही काय केलं? दुसरी बैठक झाली, आणि या वेळी डबेवाली ताई, शिक्षिका बाई आणि सामान पोचवणारी तीन-चार मुलंही बोलावली. पहिल्या बैठकीत त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं! दोन तास वाद झाला. शेवटी तीन महिन्यांसाठी एक रीत ठरली. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात पुलाजवळच्या अरुंद भागात मोटर बंद, गाडी हातात. एरवी चालणाऱ्याच्या वेगाने. घंटी दोनदा. मूठ पिळून पळणाऱ्या जड स्कूटर त्या वेळात वाटेवर आणायच्याच नाहीत. ताईने आपली वेळ पंधरा मिनिटं पुढे नेली. कंपनीच्या मुलांनी सांगितलं, आम्ही करू, पण उशीर झाला तर ग्राहकांनी तक्रार टाकायची नाही. ते सगळ्यांनी मान्य केलं. क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज दिला आहे : वाटेच्या दोन्ही तोंडांना वेग कमी करायला वळणदार खांब, चालणाऱ्याचा हक्क पहिला असं सांगणारी मराठी पाटी, आणि मोठ्या रस्त्यावरच्या सायकल ट्रॅकवरची पार्किंग हटवा. पाटी अजून लागलेली नाही. सध्या बायकांनी पुठ्ठ्यावर रंगवलेली आहे, पावसात भिजली की नवी लावतो.

सगळे खूश आहेत का? नाही. बंदीवाले दोघं-तिघं अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. शर्यतवाली पोरं अधूनमधून येतातच. पण वेग कमी झालाय, हे रोज येणारे सांगतात. काकूंच्या घरी परवा आम्ही चौघी गेलो होतो. ‘थोडं हिंडायला लागले की येईन, पण तुम्ही दोघी माझ्या दोन्ही बाजूंनी चालायचं’ अशी त्यांनी अट घातली आहे. अट मान्य आहे!

मैत्रिणींनो, तुमच्याही भागात अशी एखादी वाट असेल. भांडण पेटायच्या आत बैठक बोलवा, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्यांनाही चहाला बोलवा. चालणाऱ्याला पहिला मान देऊन बाकी सगळं बोलून ठरवता येतं. आणि हो, आज संध्याकाळी घरातल्या सायकलीला घंटी आहे का, ती वाजते का, तेवढं बघून घ्या.